अबोल मुलाला मनाविरुद्ध निवासी शिबिराला पाठवावे का?

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. सातवीची परीक्षा नुकतीच संपली आणि जूनमध्ये तो आठवीत जाईल. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. मी एका पतसंस्थेत नोकरी करते, यजमान शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पन्हाळ्यावर सहा दिवसांचे निवासी शिबिर आहे. त्यात आम्ही त्याचे नाव घातले, ४८०० रुपये भरले आणि मग त्याला सांगितले. त्याला जायचे नाही. तो रडला नाही, भांडलाही नाही. मी पावती पुढे केली तेव्हा त्याने ती दोनदा वाचली, ‘भरलेले शुल्क परत मिळणार नाही’ या ओळीवर बोट ठेवले, ‘‘म्हणजे जायलाच पाहिजे,’’ एवढेच म्हणाला आणि गच्चीवर निघून गेला. त्या ओळीवर टेकलेले त्याचे बोट मला अजून दिसते.

उत्तर देणाऱ्यांना अंदाज यावा म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. त्याच्याकडे घरी येणारे मित्र नाहीत. शाळेत तो कोणाच्या अध्यामध्यात नसतो, त्याला कोणी त्रास देते असेही चौकशीत आढळले नाही; प्रगतिपुस्तकात मात्र सलग तीन वर्षे ‘वर्गात मिसळत नाही’ हाच शेरा आहे. सुट्टीत गल्लीतली मुले सकाळी सातपासून क्रिकेट खेळतात आणि हा गच्चीच्या कठड्याला पाठ लावून आपल्या वहीत असतो. ही वही काय आहे, तेही सांगायला हवे. २०१९ च्या महापुरात आम्ही शुक्रवार पेठेत नदीच्या बाजूला भाड्याने राहत होतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली होती, आमच्या खोलीत छातीएवढे पाणी शिरले होते आणि सात वर्षांचा हा मुलगा वडिलांच्या खांद्यावर बसून बाहेर पडला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तसाच पूर आला. तोपर्यंत आम्ही घर बदलले होते, पण त्या पावसाळ्यात त्याने दोनशे पानी वही घातली ती आजतागायत चालू आहे. रोज सकाळी वर्तमानपत्रातून तो पंचगंगेची पातळी फूट-इंचांत उतरवून घेतो. ३९ फुटांच्या इशारा पातळीला पिवळी रेघ, ४३ फुटांच्या धोका पातळीला तांबडी रेघ. किती बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, याची वेगळी रकाने आखून नोंद असते. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी सुटते, हे मी भाकरी थापत असताना तो मला सांगतो, आणि तेवढ्या वेळात दिवसभराचे बोलून घेतो. पाऊस नसतो तेव्हा जुन्या नोंदींचे आलेख काढत बसतो. ती वही त्याने आजवर घराबाहेरच्या कोणाला दाखवलेली नाही.

सासूबाई त्याला घुमा म्हणतात. यजमानांचे म्हणणे असे की, आज हा गच्चीवर रमतो म्हणून आपण सोडून देऊ, पण उद्या वसतिगृहात राहायची वेळ आली तर याचा निभाव कसा लागणार? ते कठोर नाहीत. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा चौघांच्या खोलीत राहूनही पहिले चार महिने ते कोणाशी मोकळेपणाने बोलू शकले नव्हते. त्या दिवसांची आठवण त्यांना आजही सोसत नाही, आणि तसे दिवस मुलाच्या वाट्याला येऊ नयेत, एवढीच त्यांची तळमळ आहे.

मनाविरुद्ध पाठवावे का, हा माझा पहिला प्रश्न. पाठवायचे ठरले तर शिबिराच्या लोकांना त्याच्याविषयी किती सांगावे, हा दुसरा. तिथे मोबाइल चालत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शिबिराच्या फोनवरून पाच मिनिटे बोलू देतात. तेव्हा त्याने ‘‘मला न्यायला ये’’ असे म्हटले तर मी काय करावे? पन्हाळा इथून जेमतेम २० किलोमीटर आहे. लांब असता तर बरे झाले असते असे वाटते, कारण तासाभरात मी गडावर पोहोचू शकते आणि हे त्यालाही ठाऊक आहे.

खडूफळा

ताई, मी बावीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवते आहे. तुमच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात आहे तो शेरा मीही अनेक मुलांच्या नावापुढे लिहिला आहे. आता मी तो लिहीत नाही, कारण त्यातून मुलाविषयी काहीच कळत नाही. वर्ग कसा असावा याविषयीची आपली अपेक्षा तेवढी कळते.

घरात आपण घुमा, बुजरा, एकलकोंडा हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो, पण शब्द चुकला की उपायही चुकतो. घुमा मुलगा मनात काहीतरी धरून बसलेला असतो. त्याला सांगायचे असते आणि तो सांगत नाही, म्हणून त्याच्या गप्प बसण्याला धग असते. बुजऱ्या मुलाची गोष्ट निराळी. त्याला चौघांत जायचे असते, तो दाराशी घुटमळतो, कोणी बोलावले तर मनातून हरखतो, पण ऐनवेळी घशाला कोरड पडते. अशा मुलाला हात धरून आत नेणारे कोणी हवे असते. तिसरा मुलगा आपल्या उद्योगात खरोखर रमलेला असतो. त्याला माणसांचे वावडे नसते, पण माणसांत फार वेळ गेला की तो थकतो आणि एकटा बसला की ताजातवाना होतो. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख आणि बहिर्मुख असे मनाचे दोन कल सविस्तर मांडले, तेव्हा त्यांनी स्वभावाचे वर्णन केले होते, दुखण्याचे निदान केले नव्हते. तुम्ही लिहिले आहे त्यावरून तुमचा मुलगा या तिसऱ्या प्रकारातला वाटतो, पण खात्री तुम्हीच करून घ्यायला हवी आणि ती करण्याची रीत सोपी आहे. ज्याला धरणा-नद्यांतले थोडेफार कळते अशा एखाद्या नातेवाइकाला घरी बोलवा आणि त्याला मुलाला एक खरा प्रश्न विचारू द्या. मुलगा खुलून बोलला, तर बोलण्याची ताकद त्याच्याकडे आहे आणि तो ती कुठेही खर्च करत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

मात्र हे एकटेपण जुने आहे की अलीकडचे, याकडे लक्ष द्या. पूर्वी बोलका असलेला मुलगा दोन-तीन महिन्यांत मिटला असेल, शाळेच्या सकाळी पोटात दुखत असेल, झोप किंवा जेवण बिघडले असेल, आवडती वहीसुद्धा त्याने बाजूला टाकली असेल, तर शिबिराचा विचार सोडून आधी समुपदेशकाला भेटा. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. महापुराचा अनुभव आणि ती वही यांचा संबंधही मनात असू द्या. मला ती वही काळजीची वाटत नाही. जे पाणी घरात शिरले त्याला त्याने फूट-इंचांत बसवले आहे, हे मला मोठे वाटते.

आता जे बोलायलाच हवे ते बोलते. तुम्ही पैसे भरून मग त्याला सांगितलेत. त्याने बोट शिबिराच्या नावावर ठेवले नाही, वेळापत्रकावर ठेवले नाही, परत न मिळणाऱ्या पैशांच्या ओळीवर ठेवले. त्याला विचारले गेले नाही, हे त्याला लागले आहे. पाठवा किंवा पाठवू नका, पण त्याआधी त्याच्याजवळ बसून ‘‘तुला विचारायला हवे होते, ते आम्ही विचारले नाही,’’ असे स्वच्छ शब्दांत सांगा. तेरा वर्षांच्या मुलाला आईवडिलांची चूक कळते. ती त्यांनी कबूल केली, तर पुढचे बोलणे ऐकायला तो तयार होतो.

काजवा

मी पंचेचाळीस वर्षांचा आहे आणि बाराव्या वर्षी मला असेच पाठवले होते. शिबिर कोणते, ते लिहीत नाही. दहा दिवसांचे होते. तिसऱ्या रात्री शेकोटीभोवती सगळ्यांना बसवून प्रत्येकाने काहीतरी ‘सादर’ करायचे, असा नियम निघाला. माझी पाळी आली तेव्हा मी उठलो नाही. एका शिक्षकाने दंडाला धरून उभे केले आणि ‘‘याने तोंड उघडेपर्यंत कोणी झोपायला जायचे नाही,’’ असे जाहीर केले. साठ मुले माझ्याकडे पाहत होती. किती वेळ गेला ते आठवत नाही. शेवटी मी बेचा पाढा म्हटला आणि सगळे हसले. त्यानंतरच्या प्रत्येक संध्याकाळी मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसत असे. घरी पत्र लिहिले, पण पत्रे शिबिरातच वाचून मग टाकली जात, म्हणून त्यात ‘मी मजेत आहे’ असे लिहिले. आईने ते पत्र कितीतरी वर्षे जपून ठेवले होते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या टाकीमागे बसलो असतानाच मी आयुष्यात पहिल्यांदा काजवे पाहिले. मे संपत आला होता, हवा कोंदट होती, आणि समोरचे एक अख्खे झाड एका लयीत उजळत आणि विझत होते. मी शिबिराचा तिरस्कार करत परत आलो, पण डोंगराचा केला नाही, आणि पुढे वीस वर्षे मी सह्याद्रीत एकटा किंवा दुकटा फिरलो. म्हणून मुलांना घराबाहेर पाठवू नका, असे मी म्हणणार नाही. पण मुलाला तिथून निघण्याचा एक तरी रस्ता मोकळा ठेवा. त्याने न्यायला या म्हटले आणि तुम्ही गेला नाहीत, तर तो सहा दिवस काढील, कदाचित नीटही काढील, पण पुढच्या वेळी तुम्हाला काही सांगणार नाही. मी सांगितले नाही. ताई, तुमच्या घरात भाकरी थापताना जे बोलणे होते, ते फार मोलाचे आहे. ते पणाला लावू नका.

वाटाड्या

मी गेली अकरा वर्षे सुट्टीतील शिबिरांत स्वयंसेवक म्हणून जातो, बहुतेक वेळा राधानगरी, गगनबावडा आणि पन्हाळा या भागांत. काजवा यांनी लिहिले आहे तसे प्रकार मी पाहिले आहेत आणि एकदा त्यावरून भांडून परतही आलो आहे. अशा जागी कोणत्याही मुलाला पाठवू नये. तेव्हा ‘‘शेकोटीला बोलण्याची, नाचण्याची सक्ती असते का?’’ हा प्रश्न तुम्ही आजच फोन करून विचारा. ‘‘आमच्याकडे सगळी मुले मोकळी होतात’’ असे उत्तर आले तर ते उत्तर नव्हे, पुन्हा विचारा.

मुलाला घरची आठवण पहिल्या रात्री फारशी येत नाही, कारण तो दिवस सामान लावण्यात, नावे ऐकण्यात आणि दमण्यात जातो. अवघड असते ती दुसरी रात्र, आणि त्यातही जेवण झाल्यापासून दिवे मालवेपर्यंतचा पाऊण तास. गडावर अंधार पडतो, वारा सुटतो, हातात काही काम नसते आणि इतर मुलांच्या टोळ्या तोवर जमलेल्या असतात. त्या पाऊण तासात मुलाच्या हाताला काम लागले तर अर्धी लढाई तिथेच संपते. मी अबोल मुलांना ताटे धुण्याच्या रांगेत शेवटच्या नळावर उभे करतो. पहिला राखेने घासतो, दुसरा विसळतो, आणि शेवटचा ताटे मोजून पालथी घालतो. त्या मुलाला कोणाशी बोलावे लागत नाही, पण चाळीस जणांची ताटे त्याच्याच हातांतून जातात आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला ‘‘काल किती भरली रे?’’ असे विचारतोच. ओळखीची सुरुवात अशीच कडेकडेने होते. ‘‘हा नवीन आहे, याच्याशी मैत्री करा बरं का,’’ असे सांगून दिलेली मैत्री मी टिकलेली पाहिली नाही.

शिबिराच्या लोकांना त्याचा सगळा इतिहास सांगू नका. तो सांगितला की सहा दिवस त्याच्याकडे रुग्णासारखे पाहिले जाते. एवढेच सांगा की त्याला बोलायला वेळ लागतो, त्याला सगळ्यांसमोर उभे करू नका, झोपायला भिंतीकडेची जागा द्या, आणि पाण्याविषयी काही विचारलेत तर तो बोलेल. सामानात त्याची रोजची चादर, विजेरी आणि वही द्या. सोबत चिठ्ठी देणार असाल तर तीत ‘तुझ्यावाचून घर सुने वाटते’ असे लिहू नका. मुलाला आपल्या दुःखावर आईच्या दुःखाचे ओझे पेलत नाही. घरी काय चालले आहे, बाजारात कोणता आंबा आला, असे साधे लिहा. फोनवर ‘‘मित्र झाले का?’’ असे विचारू नका, ‘‘आज काय बघितलंस?’’ असे विचारा.

आता न्यायला जाण्याविषयी. मी पूर्वी ठामपणे सांगत असे की, परत नेण्याचे वचन मुळीच देऊ नये, कारण ते दिले की मूल पहिल्या तासापासून दाराकडे पाहत बसते. अजूनही मला ‘‘नाही आवडले तर लगेच नेईन’’ हे वाक्य धोक्याचे वाटते, कारण ‘लगेच’ आणि ‘आवडणे’ हे दोन्ही शब्द दुसऱ्या रात्रीच्या अंधारात टिकत नाहीत. पण काजवा यांचे लिहिणे वाचून मला माझ्याच एका शिबिरातला मुलगा आठवला. त्याने एकदाही तक्रार केली नाही म्हणून आम्ही निश्चिंत राहिलो, आणि घरी गेल्यावर तो आठवडाभर बोलला नाही, असे त्याच्या वडिलांकडून कळले. तेव्हा माझे आजचे मत असे आहे की, वचन द्या, पण त्याला मुदत घाला. दोन रात्री काढायच्या. तिसऱ्या दिवशीच्या फोनवर त्याने ‘‘ने’’ म्हटले तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही जाल, कारण विचारणार नाही, रागावणार नाही आणि पैशांचा विषय काढणार नाही. हे तुम्हाला पाळता येणार असेल तरच बोला. यजमानांनाही ते मान्य असले पाहिजे, नाहीतर गडावरून उतरताना गाडीतच सगळे बाहेर येईल.

जाता जाता तुमच्या मुलासाठी एक गोष्ट. पन्हाळा ज्या डोंगररांगेवर आहे ती रांग दोन नद्यांमधला दुभाजक आहे. गडाच्या दक्षिणेला उतरणारे पावसाचे पाणी कासारीला मिळते, कासारी प्रयाग चिखलीच्या संगमावर जाते आणि तिथून पंचगंगा होऊन कोल्हापूरला येते. उत्तरेला उतरणारे पाणी वारणेला जाते, आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेत येते, तेव्हा एकाच सरीचे ते दोन भाग पुन्हा एकत्र येतात. मे महिन्यात वळीव झाला तर तटावरून हे डोळ्यांनी पाहता येते. गडावर अंधारबाव ही जुनी विहीर आहे, सादोबा तलाव आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज आणि त्यांची माणसे चार महिन्यांहून अधिक काळ तिथे राहिली, ती गडावर पाणी होते म्हणून राहू शकली. तुमचा मुलगा ज्या पाण्याची नोंद ठेवतो ते इथून निघते. हे त्याला शिबिराचे आमिष म्हणून सांगू नका, खरे आहे म्हणून सांगा.

तांबडी माती

मी सत्तरी ओलांडलेला पेठेतला माणूस आहे. आमच्या लहानपणी शिबिरे नव्हती, तालीम होती. आई पहाटे उठवून पाठवायची. माझा धाकटा भाऊ अजिबात बोलत नसे. वस्तादांनी पहिले सहा महिने त्याला कोणाशी कुस्ती लावली नाही, हातात खोरे दिले आणि हौद्यातली माती उकरायला सांगितले. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडते, ती रोज वरखाली करावी लागते. तो उकरायचा, बाकीचे जोर-बैठका मारायचे. कोणी त्याला ‘‘बोलत का नाहीस?’’ असे विचारले नाही. पुढे तो मैदानी कुस्तीपर्यंत गेला नाही, पण साठाव्या वर्षापर्यंत माती उकरायला जात होता, आणि तो गेला तेव्हा तालमीतली तीन पिढ्यांची माणसे पंचगंगेच्या घाटावर आली होती. ताई, पोराला माणसांजवळ राहू द्या. बोलायची घाई करू नका.

नियमपालक

मूळ प्रश्नाच्या थोडे बाहेरचे, पण आवश्यक. कडे उतरणे, दोरावरून जाणे असे प्रकार शिबिरात असतील, तर राज्याच्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का, हे विचारा. ते धोरण २०२१ पासून लागू आहे. रात्री मुलांच्या खोलीजवळ कोण झोपते, किती मुलांमागे किती मोठी माणसे असतात, वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या तर मुलांना कोणत्या पक्क्या इमारतीत नेतात, हे लेखी घ्या. विचारणाऱ्या पालकाला कोणी वेड्यात काढले तर तेच पुरेसे उत्तर समजा.

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघे त्याच्याजवळ बसलो आणि न विचारता पैसे भरल्याबद्दल त्याची क्षमा मागितली. यजमानांनी आधी मला बोलायला सांगितले होते, पण प्रत्यक्षात तेच बोलले आणि पुण्याच्या त्या चार महिन्यांची हकीकत त्यांनी मुलाला प्रथमच सांगितली. तो ऐकत राहिला. मग त्याने तीन प्रश्न विचारले. संडासाला आतून कडी आहे का, रात्री एखादा दिवा चालू असतो का, आणि वही कोणी मागणार तर नाही ना. मी आज फोन करून तिन्ही विचारले. कडी आहे, व्हरांड्यात दिवा असतो, वही कोणी मागणार नाही. शेकोटीला सक्ती नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि बाकीच्या गोष्टी लेखी पाठवल्या. दोन रात्रींची अट त्याला मान्य आहे. ‘‘जायचंय का?’’ असे विचारले तेव्हा ‘‘नाही,’’ म्हणाला, ‘‘पण जातो.’’ वारणा-कासारीचे यजमानांनी नकाशावर दाखवले, त्यावर तो काही बोलला नाही. नंतर पाहिले तर नकाशा त्याच्या उशाशी होता.

नदीकाठ

शिबिर संपून चार दिवस झाले. अनेकांनी विचारले म्हणून लिहिते.

पहिल्या दोन रात्री मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. ‘‘मी आहे,’’ म्हणाला आणि गप्प राहिला. वाटाड्या यांचे आठवून मी काय बघितलेस ते विचारले. ‘‘दुपारी वळीव आला. पाणी दोन्हीकडं गेलं,’’ म्हणाला. मग पुन्हा शांतता. न्यायला येऊ का, हे विचारायचे नाही असे मी ठरवले होते आणि तरी विचारले. तो विचार करत होता, हे मला त्याच्या श्वासावरून कळत होते. ‘‘आज नको,’’ म्हणाला. शेवटी घरचे पेपर रद्दीत टाकू नकोस, म्हणून बजावले.

सगळे चांगले झाले असे मी लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. चौथ्या रात्री तो चादरीत तोंड घालून रडला, असे तिथल्या ताईंनी आम्हाला न्यायला गेल्यावर बाजूला घेऊन सांगितले. त्या काही न बोलता त्याच्या खाटेच्या पायाशी बसून राहिल्या. दोरावरून उतरायला तो गेला नाही. शेकोटीच्या रात्री त्याने लाकडे पुरवण्याचे काम मागून घेतले आणि सगळा कार्यक्रम उभ्यानेच पाहिला. घरी आल्यावर तो चौदा तास झोपला, आणि त्यानंतर दोन दिवस त्याने कोणाला जवळ येऊ दिले नाही. सासूबाईंनी ‘‘सुधारला का?’’ असे विचारले, तेव्हा यजमान म्हणाले, ‘‘आई, तो बिघडलाच नव्हता.’’

काल संध्याकाळी तो वही घेऊन स्वयंपाकघरात आला. पावसानंतरच्या पानावर त्याने पन्हाळ्याची रांग काढली आहे, अगदी लांबलचक, दोन पानांवर पसरलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक रेघांनी ओढे उतरवले आहेत. खालच्या अंगाला कासारी, पुढे प्रयाग चिखली, राजाराम बंधारा, सगळे त्याच्या उभ्या, टोकदार अक्षरात. वरच्या अंगाला वारणा, तिचे ओढे, काठाची गावे, आणि ही सगळी नावे मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी अक्षरात आहेत, तिरप्या आणि गोल, एक नाव दोनदा खोडून पुन्हा लिहिलेले. मी कितीतरी वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. कोणाचे अक्षर आहे, असे विचारल्यावर म्हणाला, कोडोलीचा एक मुलगा होता, ताटे पुसायला. तो जास्त बोलत नाही. त्याला वारणेकडचे सगळे माहीत आहे.

पुढच्या वर्षी शिबिराला जायचे नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले आहे आणि आम्ही ते मान्य केले आहे. मात्र या पावसाळ्यात तो पंचगंगेची पातळी त्या मुलाला कळवणार आहे आणि तो मुलगा याला वारणेची. दर रविवारी सकाळी दहा वाजता, माझ्या फोनवरून, असे दोघांनी गडावरच ठरवून ठेवले आहे. तोवर मागच्या वर्षीच्या नोंदी त्याला जुळवून घ्यायच्या आहेत. वारणेवरच्या चांदोली धरणाचे रोजचे आकडे वर्तमानपत्राच्या सांगली आवृत्तीत येतात असे तो म्हणतो. मागच्या जून ते सप्टेंबरचे सांगली आवृत्तीचे अंक कोल्हापुरात कुठल्या वाचनालयात चाळायला मिळतील, हे कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे. शनिवारी मला अर्धा दिवस सुट्टी असते, तेव्हा मी त्याला घेऊन जाईन.